बाबांच्या तपासणीआधी

प्रिय आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, "हृदय थांबवणारं इंजेक्शन यांना कशाला द्यायचं?" हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. फोनवर सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांना हृदयाच्या स्कॅनसाठी जे इंजेक्शन देणार आहेत, ते ॲडेनोसिन मुळात आपल्या शरीरातलंच आहे. पेशी ज्या एटीपी नावाच्या इंधनावर चालतात, ते खर्च होताना त्यातून ॲडेनोसिन तयार होतं. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडू लागला की ते जास्त बनतं आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं. दमलेला स्नायू स्वतःच जास्त रक्त ओढून घेतो! मला ही रचना फार सुंदर वाटते. ॲडेनोसिनचा हृदयावरचा परिणाम केंब्रिजच्या ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२९ मध्येच मांडला होता.

आता "थांबवणारं" का म्हणतात ते. काहींची नाडी अचानक दीडशे-दोनशेच्या वेगाने पळू लागते. त्यातल्या एका प्रकारात विजेचा संदेश हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये, त्यांना जोडणाऱ्या विजेच्या सांध्यातून, म्हणजे एव्ही नोडमधून, गोल गोल फिरत राहतो. अशा वेळी ६ मिलिग्रॅम ॲडेनोसिन शिरेत झटक्यात देतात आणि पाठोपाठ सलाइन ढकलतात. एव्ही नोड क्षणभर बंद पडतो, चक्र तुटतं, मॉनिटरवर काही सेकंद सरळ रेघ दिसू शकते आणि मग ठोके बहुतेक वेळा ताळ्यावर येतात. त्या सेकंदांत रुग्णाला "आता संपलं" असं वाटू शकतं. पण तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर ॲडेनोसिन इतक्या वेगाने शोषून घेतात की रक्तातलं त्याचं प्रमाण दहा सेकंदांच्या आतच निम्म्यावर येतं.

बाबा, तुमचं तसं नाही. गुडघ्यांमुळे तुम्हाला ट्रेडमिलवर चालवून हृदयावर ताण देता येत नाही, म्हणून तेच औषध संथपणे, चार ते सहा मिनिटं, वजनाच्या हिशेबाने सोडतील. निरोगी धमन्यांमधला रक्तप्रवाह त्याने तिप्पट-चौपट होतो. जी धमनी अरुंद झाली आहे तिला तेवढी झेप घेता येत नाही, आणि तोच फरक स्कॅनमध्ये दिसतो. अंगातल्या इतर रक्तवाहिन्याही सैल होतात, त्यामुळे रक्तदाब थोडा उतरू शकतो, चेहरा तापतो, डोकं जड होतं. ठोके बहुधा थोडे वाढतातच. एखाद्याच्या हृदयातला विजेचा संदेश मध्येच अडखळतो, पण म्हणून तर ईसीजी सतत चालू असतो.

श्वासाबद्दल मात्र जरा जास्त लिहिते, कारण तुम्ही घाबराल ते तिथेच. मानेत, मेंदूकडे जाणारी धमनी जिथे दुभंगते तिथे, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, कॅरॉटिड बॉडी. रक्तातला प्राणवायू कमी झाला की तो मेंदूला कळवतो आणि आपण जोरात श्वास घेऊ लागतो. ॲडेनोसिन त्यालाच चेतवतं. प्राणवायू पुरेसा असतानाही "कमी पडतोय" असा निरोप जातो, म्हणून धाप लागल्यासारखं वाटतं. छातीतही आवळल्यासारखं होतं. तिथल्या वेदनेच्या नसा ॲडेनोसिनने थेट चाळवल्या जातात, तेव्हा छाती दुखली म्हणजे धमनी बंदच आहे असं धरून चालू नका. धमन्या अगदी चांगल्या असलेल्यांनाही असं होतं.

पण बाबा, तुमचा दमा. "तो जुना, आता काही नाही" असं म्हणून फॉर्मवरचा रकाना रिकामा सोडू नका, हात जोडून सांगते. श्वासावाटे ॲडेनोसिन दिलं तर दमा असलेल्यांच्या श्वासनलिका आवळतात आणि निरोगी माणसांच्या नाही, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवलं. शिरेतून दिलं तरी दमेकऱ्यांना जोराची उबळ येऊ शकते. छातीत घरघर असेल तर डॉक्टर बहुधा हे औषध टाळतील आणि दुसऱ्या पद्धतीने तपासणी करतील. त्यात वाईट काहीच नाही. इनहेलर शेवटचा कधी लागला, तेही सांगा.

आणि चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन नेमकं त्याच जागा अडवून बसतं जिथे ॲडेनोसिनने काम करायचं असतं. मग धमन्या नीट सैल होत नाहीत आणि अडथळा असूनही स्कॅन चांगला दिसू शकतो. बारा ते चोवीस तास आधीपासून बंद ठेवायला सांगतात. तुमच्या केंद्राने जो वेळ दिलाय तो पाळा, चॉकलेट आणि कॅफीन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्याही त्यातच येतात. दम्यासाठीच्या थिओफिलिनचंही तेच. याउलट डायपिरिडॅमोल, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या टाळण्याचं औषध, ॲडेनोसिनचा परिणाम वाढवतं. यातली कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

आई, तू सोबत जा. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घे, नावं आठवत बसू नका. बाबा, आत गेल्यावर धाप लागली, छाती भरून आली, तर दात-ओठ खाऊन गप्प राहू नका, लगेच बोला. औषध बंद केलं की बहुतेक त्रास एक-दोन मिनिटांत ओसरतो, आणि नाही ओसरला तर उतारा म्हणून ॲमिनोफिलिन तिथे तयार ठेवलेलं असतं. निकाल आला की दोघांनी मिळून मला फोन करा. अहवालाचे फोटोही पाठवा, पूर्ण पानांचे.

तुमची,
धाकटी