गोळी निवडायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. आपल्यातलं आणखी कुणी शिकारीचा परवाना काढून कॅलिफोर्नियातल्या दुकानात गोंधळून उभं राहिलं, तर त्यालाही उपयोगी पडेल.

मी हत्यारं आधी घेतली आणि गोळीचा विचार मागाहून केला. .४४ मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आणि .४५-७० काडतुसाची लिव्हर रायफल, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची. रानडुक्कर म्हणजे चिवट जनावर, तेव्हा जितकी जड गोळी तितकी बरी, एवढंच माझं गणित. शिशाची ४०५ ग्रेनची गोळी, म्हणजे सव्वीस ग्रॅम, तळहातावर घेतली की धीर यायचा. १ जुलै २०१९ पासून इथे कुठल्याही शिकारीला शिसं चालत नाही, हे ठाऊक होतं, पण तो नियम मला जाच वाटायचा. तांबं हलकं, म्हणजे कमजोर, असं मी धरूनच चाललो होतो.

तुम्ही वाद घातला नाहीत. रँचमालकाला विचारून दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरून एकामागे एक मांडलेत आणि .४४ मधून दोन बार काढायला लावलेत. पहिली गोळी मऊ टोकाची, शिशाची, २४० ग्रेनची. दुसरी अख्ख्या तांब्याची, २२५ ची. फुटलेल्या कॅनमधलं पाणी तुम्ही जुन्या पंचातून गाळलंत. शिशाची गोळी चेमटून वेडीवाकडी झाली होती आणि पंचाला करडी कचकच चिकटली होती. तांब्याची सहा पाकळ्या उघडून बसली होती. तराजूवर शिशाची बरीच कमी भरली, तांब्याची जवळजवळ जशीच्या तशी. "हे सांडलेलं कुठे जातं?" तुम्ही विचारलंत. मटणात जातं. पोरांच्या ताटात जातं. त्या पंचाकडे पाहताना माझ्या पोटात गोळा आला होता.

बाकीचंही तुम्हीच डोक्यात बसवलंत. लिव्हर रायफलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, एकाचं टोक दुसऱ्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीला, टेकतं. कडक अणकुचीदार टोक असेल, तर धक्क्याने आतल्या आतच बार उडू शकतो. म्हणून तिथे चपट्या तोंडाचीच गोळी. तांब्याला उमलायला वेग लागतो, म्हणून आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने लांबचा बार घ्यायचा नाही. माझ्यासाठी तुम्ही पन्नास यार्डांची हद्द घातलीत, ती मी अजून ओलांडलेली नाही. आणि जुन्या वराहाच्या खांद्यावर ढालीसारखं जाड कातडं असतं. लवकर फुटणारी हलकी गोळी तिथेच दम तोडते आणि जनावर जखमी होऊन झुडपात शिरतं. ते कुढत मरू नये, यासाठीच ही सगळी निवड, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत!

पण खरं शिक्षण झालं ते पिनॅकल्स नॅशनल पार्कच्या बाजूच्या त्या टेकडीवर. डुक्कर सोलून झालं, आतडी तिथेच राहिली. वर पंखांवर आकड्यांची पट्टी लावलेला काँडोर, म्हणजे इथलं भलंमोठं गिधाड, घिरट्या घालत होता. १९८२ मध्ये हे पक्षी जगात अवघे बावीस उरले होते. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांतलं शिसं त्यांच्या पोटात जातं आणि ते विषबाधेने मरतात, हे तुम्ही सुरी पुसता पुसता सांगितलंत. मग जरा थांबून म्हणालात, "आपल्या गावाकडची गिधाडं आठवतात का रे?" आठवतात, काका. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुराभोवती त्यांचा थवा बसलेला मी पाहिला आहे, आणि नंतर रिकामं आभाळही. तिथे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने, मेल्या गुरांच्या मांसातून, घात केला. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता. औषध देणाऱ्या शेतकऱ्याला ते कळायचा मार्ग नव्हता. मला मात्र तुम्ही वेळेवर सांगितलंत.

दुकानात आता मी आधी गोळी कशाची आहे ते विचारतो, ग्रेन नंतर. .४५-७० मध्ये ३०० ग्रेनची चपट्या तोंडाची तांब्याची गोळी घालतो. गेल्या महिन्यातला वराह वीस पावलंही गेला नाही.

त्याचं मटण रविवारी घेऊन येतो. काकूंना म्हणावं, वाटण तेवढं करून ठेवा.

तुमचा,
रँचवरचा शिष्य