नागपूरला दिवसा जा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझा पीए उचलतो आणि "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" म्हणतो, म्हणून लिहितोय. परवा उंबऱ्यात तुझ्या रात्रीच्या प्रवासावरून आपलं जे वाजलं, त्यावर पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलंय. तुझी आईही म्हणाली, नागपूरचं अधिवेशन तोंडावर आलंय, पोरीचं डोकं खाऊ नका. तेव्हा तू घेतलेल्या माजी सैनिकांच्या शिबिराबद्दलच लिहितो.

मी मुद्दाम मागच्या रांगेत बसलो होतो. स्टेजवर चला म्हणून तुझा माणूस बोलवायला आला, पण उठलो नाही. आमदाराचा बाप म्हणून हार घालून घेण्यापेक्षा लोक काय बोलतात ते ऐकायचं होतं. माझ्या पुढ्यातला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "आजवर जो आला तो शाल-नारळ देऊन, फोटो काढून गेला. हिने टेबलं मांडलीत." एवढं ऐकलं आणि मी चहा प्यायला बाहेर आलो. आत बसवेना.

टेबलं मांडलीस हे खरंच चांगलं केलंस. एकावर स्पर्शचं, म्हणजे ऑनलाइन पेन्शनचं काम, एकावर ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याची कार्डं, तिसऱ्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे लोक. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला राहिला की पेन्शन अडकते, आणि आमच्या लोकांचे हात शेतात घासून असे झालेत की मशीनवर अंगठा उठत नाही. मग तुझ्या ऑफिसातली ती चश्मेवाली पोरगी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढत होती. आपले सुभेदारसाहेब मोबाइलसमोर सावधानमध्ये ताठ उभे! ती म्हणतेय, "आजोबा, डोळे मिचकवा." हे मिचकवायला तयार नाहीत, नजर समोर. शेवटी मी मागून ओरडलो, "साब, विश्राम!" तेव्हा कुठे पापणी लवली आणि दाखला निघाला. तू तेव्हा कलेक्टर ऑफिसच्या माणसाशी बोलत होतीस, तुझं हसणं हुकलं.

वाडीवरच्या काकूंचं काम मात्र मार्गी लागलंय. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं, तू नसताना त्या पेढे घेऊन आल्या होत्या. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीचा. त्याच्या डिस्चार्ज बुकात बायकोचं माहेरचं नाव, आधारवर लग्नात ठेवलेलं नाव, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. तो जिवंत असताना पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या रेकॉर्डात नोंद, करून घेतली असती तर काहीच नव्हतं. गेल्यावर फॅमिली पेन्शनला गेल्या तर प्रश्न आला, ही बाई कोण? जिच्या हातचं खाऊन त्याने उभी नोकरी केली, तिने आपण त्याची बायको आहोत हे सिद्ध करायचं. प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, जुना जोडफोटो, सगळं तुझ्या ऑफिसने एका फायलीत लावलं म्हणून ती फाइल हलली. पेन्शन केंद्राची, त्यात आमदाराचा काय संबंध, असं म्हणणारे तुझ्याच पक्षात आहेत, मला माहीत आहे. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. निधीचे 5 कोटी सभामंडपातही जातात आणि गटारातही. काकूंचं नाव दुरुस्त करायला एक रुपया निधी लागला नाही, लागला तो पाठपुरावा.

आणि तो पाठपुरावा तू रात्री दोनला गाडीत बसून फोनवर टाइप करत करतेस, हे मला आवडत नाही. झालं, आलोच तिथे.

शिबिराच्या रात्री तू अडीचला घरी आलीस आणि पाचला मुंबईला निघालीस. तू गाडीत झोपतेस. तुझा ड्रायव्हर, तो पोरगा, कुठे झोपतो? त्याने आपल्या ओट्यावर बसून बिडी ओढली आणि तोंडावर पाणी मारलं, एवढीच त्याची झोप. मी त्याचे डोळे बघितलेत. मी एएससीचा, लष्कराच्या पुरवठा दलाचा ड्रायव्हर आहे, मला त्या डोळ्यांचं कळतं, डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. तू म्हणालीस, "आप्पा, द्रासला तुम्हीही रात्रीच चालवलीत ना?" सगळ्यांसमोर म्हणालीस म्हणून गप्प बसलो.

चालवली. 1999 च्या जून महिन्यात, कारगिलच्या लढाईत, दिवे बंद करून चालवली. पुढच्या गाडीच्या मागे चुन्याचा पांढरा पट्टा ओढलेला असायचा, तेवढाच दिसायचा. दिवसा निघालो की तोलोलिंगच्या डोंगरावर बसलेल्या शत्रूला आख्खा हायवे दिसायचा आणि तोफा सुरू व्हायच्या. म्हणून रात्र. एरवी कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ताफ्यात, अंधार पडायच्या आत ट्रान्झिट कॅम्प गाठायचा, गाडी लावायची, जेवायचं, झोपायचं. ड्रायव्हर झोपला की नाही हे कॉन्व्हॉय कमांडर स्वतः येऊन बघायचा. एकदा जोझिलाच्या अलीकडे एका मेजरसाहेबांना घाई होती, चला म्हणाले. आमच्या हवालदाराने सलाम ठोकला आणि सांगितलं, "साब, गाडी तयार आहे, ड्रायव्हर तयार नाही." मेजरसाहेब थांबले. सकाळी चहाही त्यांनीच पाजला सगळ्यांना. थंडी अशी की मगातला चहा ओठाला लागेपर्यंत गार व्हायचा, आणि तो हवालदार मात्र... जाऊ दे, हे तू शंभरदा ऐकलंयस.

सांगायचं एवढंच, की आमच्या समोरच्या डोंगरावर कोणीतरी बसलेलं होतं. तुझ्यावर कोण तोफा रोखून बसलंय? मंत्र्याची दहाची वेळ अकरा झाली तर काय होतं? विनायक मेटे बीडहून बैठकीसाठीच मुंबईला निघाले होते. 14 ऑगस्ट 2022, पहाट, द्रुतगती मार्ग, अपघातात गेले. तेही काही स्वतः चालवत नव्हते.

पुन्हा भाषण झालं. आई वाचून घेईल तेव्हा तीही हेच म्हणेल. माफ कर. तू आता कोणाच्या सांगण्यातली नाहीस, आणि नसावंसही. लोक तुझं ऐकतात याचा मला काय आनंद आहे ते बाहेर विचार, कट्ट्यावर मी दुसरं काही बोलतच नाही. वाडीची मुक्कामी एसटी तू परत सुरू केलीस, तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी उगाच तिकडे जाऊन आलो, कोण कोण बसतंय बघायला. कॉलेजच्या पोरी होत्या, दवाखान्याला निघालेली एक म्हातारी होती. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री शाळेच्या खोलीत झोपले होते, अंघोळी करून, गंध लावून ताजे. एसटीच्या ड्रायव्हरला मुक्काम आहे. आमदाराच्या ड्रायव्हरला नाही.

आता नागपूर. तुझा पीए म्हणाला, रविवारी लग्नं आटोपून रात्री निघणार, संभाजीनगरला समृद्धीवर चढलो की पहाटे नागपूर. त्याला सांग, त्या रस्त्याने डोळा लागतो. सरळ रस्ता, गाव नाही, वळण नाही, हॉर्न नाही. घाटात माणूस भीतीने तरी जागा राहतो. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ रात्री दीडच्या सुमाराला बस पेटली, 25 माणसं गेली. शनिवारी सकाळी निघा. रविवारची दोन लग्नं बुडाली तर अक्षता मी आणि आई टाकू, त्यासाठी आमदारच लागतो असं नाही. किंवा रेल्वेने जा.

तात्याच्या वेळी फोन पहाटे चारला आला होता. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. आई अजून रात्री फोन उशाशी घेते आणि वाजला की मला उचलायला लावते. ती तुला हे कधी सांगणार नाही.

तुझ्या डब्यात तिने लाडू ठेवलेत, त्यातले पोराला दे. त्याचा पगार वेळेवर होतो का तेही बघ. आणि नागपूरला जाईपर्यंत त्याच्या जोडीला दुसरा ड्रायव्हर बघ, नसेल तर मला कळव. लायसन्स आहे माझं, दिवसा चालवीन. हसू नकोस.

घरपट्टीचं राहिलंच. सरकारने 2020 साली माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची घरपट्टी माफ केली, तरी आपल्याकडच्या एका ग्रामपंचायतीने दोघांना थकबाकीची नोटीस काढलीय. सैनिक कार्यालयाचा दाखला जोडूनही. त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स तुझ्या ऑफिसात दिल्यात, निळ्या फायलीत. तारांकित प्रश्नात बसतं का बघ, नाहीतर बीडीओंना तू एक फोन केलास तरी पुरे. प्रश्न लागला तर तारीख कळव, टीव्हीवर बघायला सुभेदारसाहेबांनाही बोलवायचंय.

तुझे,
आप्पा