लाखांची सायकल राहू द्या, आधी मुलांना शर्यती द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूरचे 437 किलोमीटर आपल्या जिल्ह्यातून गेले आणि घरोघरी सायकलचे वेड शिरले, याचा आनंदच आहे. पण तेव्हापासून दहावी-अकरावीतल्या मुलांचे पालक दुकानात एकच प्रश्न घेऊन येतात: याला प्रोफेशनल व्हायचंय, कोणती सायकल घेऊ? आणि तीन-चार लाखांची कार्बन फ्रेम गळ्यात पडते. रोड सायकलपटू घडतो तो बंचमध्ये, म्हणजे चाकाला चाक लावून धावणाऱ्या जथ्यात, शर्यती खेळून, आणि पुण्यातल्या सतरा वर्षांच्या मुलाला वर्षभरात तशा शर्यती मिळतात बोटांवर मोजण्याइतक्या.

या धंद्याचा वयाचा हिशेब कडक आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमांत 17-18 वर्षे ज्युनियर, 19 ते 22 अंडर-23. पुरुषांचे संघ तीन पायऱ्यांचे: वर्ल्डटीम, प्रोटीम, कॉन्टिनेंटल. वरच्या दोन पायऱ्यांवर किमान पगार ठरलेला असतो. कॉन्टिनेंटलला यूसीआयची तशी अट नाही, त्यामुळे तिथे कितीतरी जण फक्त प्रवास, सायकल आणि राहण्याच्या खर्चावर खेळतात. महिलांच्या वर्ल्डटीममध्ये किमान पगार 2020 पासून आला. वरच्या संघांचे निवड करणारे लोक ज्युनियर आणि अंडर-23चे निकाल पाहतात. तेव्हा ‘बारावी होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या घरात निम्मी गाडी सुटलेली असते. बेल्जियममध्ये उन्हाळ्यात गावोगावी केरमेस भरते, गावाभोवतीच्या पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्या. तिथला मुलगा आठवड्यात दोन-तीनदा पाठीवर नंबर लावून शर्यत खेळतो.

शर्यतीतच शिकता येते ते काय, हे नेमके सांगायला हवे. पुढच्याचे चाक धरून गेले की साधारण एक तृतीयांश ताकद वाचते, पण अंतर हवे हातभराच्या आत. तिथे आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासले, तर पडतो मागचाच. पुढच्याला बहुधा कळतही नाही. कारण तोल सावरतो तो हँडल वळवून, आणि घासलेल्या बाजूला हँडल वळायला जागाच उरत नाही. घाबरून चाक झटक्याने दूर ओढले की सायकल खालून निघून जाते. क्षणभर त्या चाकाकडेच रेलायचे, पेडल चालू ठेवायचे, मग अलगद सुटायचे. हे मैदानातल्या गवतावर, जुन्या सायकलींवर, चालण्याच्या वेगात शेकडो वेळा करून घ्यावे लागते. सिंहगडाच्या चढावर दुसरी चूक दिसते: मुलगा सीटवरून उठतो तेव्हा त्याचा दाब क्षणभर सुटतो, सायकल चार-सहा बोटे मागे येते आणि मागच्याच्या चाकावर आदळते. उठण्याआधी एक गिअर जड करावा आणि पेडल खाली दाबतानाच उठावे.

वाऱ्याचेही तसेच. पावसाळ्यात सातारा रस्त्याने दक्षिणेकडे जाताना पश्चिमेचा वारा उजवीकडून लागतो. तेव्हा आडोसा थेट मागे मिळत नाही, डावीकडे तिरका मागे मिळतो. रस्त्याच्या रुंदीत अशी आठ-दहा जणांची तिरकी रांग मावते, बाकीचे कडेला वाऱ्यात भाजून निघतात. घाटात सरस असलेली मुले अशा सपाटीवर मागे पडतात आणि पायांना दोष देतात. दोष जागा धरण्याचा असतो.

खाण्याबाबत बाजारू जेलचा, म्हणजे पुडीतल्या घट्ट गोड पाकाचा, धाक मोडायला हवा. दीड तासापुढच्या शर्यतीत तासाला 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट लागते, सवय झाली की 90. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असतात: 750 मिलीच्या बाटलीत 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. मध्यम केळे म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. पहिला घास विसाव्या मिनिटाला घ्यायचा. भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो, स्नायूंतला साठा संपला की चढावर पाय दगड होतात. मात्र हे आधी सरावात पोटाला शिकवा, नाहीतर शर्यतीत कळा येतात.

आता सायकल. यूसीआयच्या शर्यतीत 6.8 किलोच्या खालची सायकल चालतच नाही, त्यामुळे त्याहून हलकीसाठी पैसे ओतणे वाया. ज्युनियरला ॲल्युमिनियमची चांगली फ्रेम, गिअरचे दाते पुढच्या चक्रांवर 50-34, मागच्यांवर 11-34 पुरतात. 53-39 आणि 11-25 घेऊन बोपदेव घाट चढणाऱ्याचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, पन्नासावर येतो आणि गुडघे धरतात. सीटची उंची मोजा: अनवाणी उभे राहून पायांच्या आतल्या बाजूची लांबी गुणिले 0.883, ती 80 सेंटिमीटर असेल तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 70.6. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. 28 मिमीच्या टायरमध्ये 60 किलोच्या मुलाने 100 पीएसआय दाबाची हवा भरू नये, 65च्या आसपास पुरे. टणक टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि वळणावर पकड सोडतो. फ्रेम आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) जोडणारा हँगर मुद्दाम मऊ धातूचा असतो, पडल्यावर तोच वाकतो. तो मॉडेलप्रमाणे वेगळा, म्हणून एक जादा खिशात हवाच.

दोन गोष्टी पालकांना कोणी सांगत नाही. जिममधल्या डबाबंद पावडरीत बंदी असलेला अंश निघाला, तर जबाबदारी खेळाडूचीच. ‘माहीत नव्हते’ म्हणून सुटका होत नाही. आणि युरोपात शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, तर हंगाम मार्च ते ऑक्टोबर. त्यामुळे शर्यती दोन मुक्कामांत बसवाव्या लागतात.

प्रशासनाकडे मागणी एकच. हिंजवडी फेज 3 सारख्या भागात महिन्यातून दोन रविवार, सकाळी 6 ते 8:30, चार-पाच किलोमीटरची फेरी पूर्ण बंद करून द्या. प्रत्येक चौकात शिट्टी आणि लाल झेंड्यासह दोन माणसे, एक रुग्णवाहिका, जथ्यामागे एक गाडी, रंग न दिलेल्या गतिरोधकांवर आदल्या दिवशी पांढरे पट्टे. सोळाखालच्यांना 25 किलोमीटर, ज्युनियरना 60, मुलींची शर्यत वेगळी सोडावी. जो एक फेरी मागे पडेल त्याला थांबवावे, म्हणजे पुढच्यांच्या वाटेत कोणी येणार नाही. वर्षभराच्या तारखा आधीच जाहीर कराव्यात. शर्यतीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा लागतो आणि तारीख ठाऊक नसेल तर प्रशिक्षकाला तो आखताच येत नाही.

आपले,
रोड सायकलिंगचे प्रशिक्षक व मेकॅनिक, पुणे