खुर्ची घेतली त्याबद्दल

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मालिशला खुर्ची कशाला लागते? आम्ही तालमीत घोंगड्यावर एकमेकांचं अंग रगडायचो." मी गाडीवर होतो, नीट बोलता आलं नाही.

बाबा, तालमीत माणूस लंगोटावर असतो, तेल चालतं, वेळही असतो. माझं गिऱ्हाईक म्हणजे गुजरीतला, सराफ बाजारातला कारागीर. सकाळपासून मान खाली घालून बारीक काम करणारा. तो दुकानात कपडे काढून आडवा कुठे होणार? या खुर्चीत तो अंगावरच्या कपड्यांनिशी पुढे रेलून बसतो. छाती गादीला, तोंड गोल उशीत, हात समोरच्या फळीवर, गुडघे दुमडून नडग्या खालच्या गादीवर. मान, खांदे, पाठ सगळं माझ्या हाताशी येतं. तेलाचा थेंब नाही, पंधरा मिनिटांत माणूस परत कामावर. अमेरिकेत डेव्हिड पामर यांनी १९८६ च्या सुमारास अशी खुर्ची आणली, पण हात चालवायची पद्धत मूळची जपानी.

पहिली खुर्ची मी स्वस्त बघून घेतली, ती चूक झाली. जोर दिला की तोंडाच्या उशीचा स्क्रू सरकायचा. एका गिऱ्हाइकाची मान गपकन खाली गेली. सुदैवानं इजा झाली नाही, पण मला रात्रभर झोप नव्हती. दुसरी घेताना आधी स्वतः अर्धा तास तिच्यावर बसलो आणि मित्राला खांद्यामागच्या खवाट्यात कोपर रोवून दाबायला लावलं. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, वजन साधारण नऊ किलो, त्यामुळे खांद्याला अडकवून तीन जिने चढता येतात. बैठक, छातीची गादी आणि तोंडाची उशी तिन्ही वेगवेगळी वरखाली होतात. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गादी गळ्याला रुतली किंवा हनुवटी वर राहिली, तर मान मोकळी व्हायच्या ऐवजी आणखी आखडते.

एकदा एक कारागीर उपाशीपोटी बसला होता. मालिश झाल्यावर झटकन उठला आणि भिंतीला हात लावत खालीच बसला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला, तेव्हा कुठे डोळे स्थिरावले. तेव्हापासून हात लावायच्या आधी विचारतो: जेवलात का? रक्तदाबाची गोळी चालू आहे का? ताप, एका पायाला सूज, नुकतंच ऑपरेशन? यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा म्हणतो. आणि झाल्यावर प्रत्येकाला मिनिटभर तसंच बसवून ठेवतो.

बाकी हात तुमचेच आहेत, बाबा. "अंगठ्यानं झगडू नको, अंगाचा भार सोड," हे तुम्ही तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या कडेला उभं राहून सांगितलेलं. एक पाय पुढं, एक मागं, कोपर टेकवायचं आणि हळूहळू वाकायचं. दिवसभर अंगठे वापरले असते तर माझेच सांधे गेले असते.

रविवारी खुर्ची गाडीला बांधून आणतोय. आई, नडगीच्या गादीवर गुडघे दुमडायची गरज नाही, तुझे पाय जमिनीवरच ठेवू. बाबा, तुम्ही गोळी चुकवू नका, दोन घास खाऊन बसा. तुमच्या उजव्या खांद्यातली ती जुनी गाठ मला बघायची आहे.

तुमचा,
बाळू