नातवाच्या गुडघ्याची सोनोग्राफी

बेळगाव

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की बाबा, तुम्ही "पोरगं बरं आहे ना?" एवढं विचारून फोन आईकडे देता आणि आईला रडू येतं. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते.

तुमच्या नातवाच्या दोन्ही गुडघ्यांची सोनोग्राफी झाली. त्याला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त लवकर गोठत नाही आणि सांध्यात आतल्या आत रक्त येतं, म्हणून ती करायची होती. "ती तर पोटुशी बाईची करतात ना?" असं आईने विचारलं होतं. खोलीबाहेर गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी होतीच, पण त्याच मशीनवर सांधाही दिसतो. सुई नाही, भूल नाही, एक्स-रेचे किरण नाहीत.

डॉक्टरबाई अर्धं कानडीत, अर्धं मराठीत मला पडद्यावर दाखवत होत्या. गार जेल लावून त्यांनी गुडघ्याच्या वाटीवर प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा दांडा, टेकवला. उजव्या गुडघ्यात वाटीच्या वरच्या बाजूला एक करडा थर दिसला. त्यांनी प्रोबने तो दाबून पाहिला. नुसतं पाणी असतं तर ते बाजूला सरकलं असतं. हा थर जागचा हलला नाही. सांध्याच्या आतलं अस्तर जाड झालंय. रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉप्लर लावल्यावर त्यात लाल ठिपके लुकलुकले. तिथे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढल्यात, आणि त्यांतूनच पुन्हा रक्त येण्याची भीती असते. मग त्याला गुडघा पूर्ण दुमडायला सांगून मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, पाहिली. हाडाच्या पांढऱ्या रेघेवर काळी पट्टी, सलग, कुठेही झिजलेली नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ह्याला 'हेड-यूएस' पद्धत म्हणतात, 2013 पासूनची. अस्तराला 2, कूर्चेला 4 आणि हाडाला 2, असे एका सांध्याला 8 पर्यंत गुण. जितके जास्त तितकं नुकसान जास्त. आपल्या पोराच्या उजव्या गुडघ्याला 1 गुण, तोही अस्तराचा. डावा शून्य. गुडघ्याचा अगदी आतला भाग मात्र सोनोग्राफीत दिसत नाही, त्याला एमआरआयच लागतो. तो सध्या नको म्हणाल्या.

आई, तुला मामाचा गुडघा आठवत असेल. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा हाडं झिजून गेली होती. एक्स-रेत कूर्चा आणि अस्तर दिसतच नाही, हाड बिघडलं की मगच कळतं. सांध्यात सांडलेल्या रक्तातलं लोह अस्तरात मुरतं, अस्तर सुजतं आणि पुढे कूर्चा खातं. मामाच्या वेळी हे आधी दाखवणारं आपल्याकडे काही नव्हतं. तू स्वतःला दोष देतेस ते मला अजिबात पटत नाही. हा आजार तुझ्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून ह्याच्याकडे आला, पण त्यात ना तुझा अपराध, ना माझा.

सूज नव्हती, तो दुखतंय म्हणत नव्हता, मांडी घालून जेवत होता. तरी आत हे चाललं होतं. म्हणून आता फक्त रक्त आल्यावरच फॅक्टर आठ (रक्त गोठायला लागणारं औषध) देत बसायचं नाही, ठरलेल्या वारी द्यायचंच. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून अस्तर उतरलं का ते बघणार आहेत.

मे महिन्यात त्याला खानापूरला पाठवते, पण हे सांभाळा. गुडघा दुखला तर तेल लावून चोळायचा नाही, शेकायचा नाही. फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवा आणि लगेच मला फोन करा. घरातली दुखण्याची गोळी द्यायची नाही, फक्त पॅरासिटामॉल चालतं. कमरेत इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका. "गुडघा भरल्यासारखा वाटतो" असं तो म्हणाला की सुजेची वाट बघू नका. हे त्याला आधी कळतं, आपल्याला नंतर. आणि बाबा, त्याला घरात कोंडून ठेवू नका. चालू द्या, पोहू द्या. मांडीचे स्नायू बळकट असले की गुडघ्याला आधार मिळतो. फक्त फणसाच्या झाडावर चढू देऊ नका.

फॅक्टरच्या बाटल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मुळीच नको; गोठलं की औषध वाया जातं. तिकडे लाईट किती वेळ जाते ते बाबा, मला कळवा. जास्त जात असेल तर हे बर्फाची पेटी घेऊन येतील.

तुमची,
ताई