पार्किंगमधले तेलाचे डाग ॲसिडने धुवू नयेत : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय : पार्किंग व रॅम्पवरचे तेलाचे डाग आणि ॲसिड-वॉशचा प्रस्ताव

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

नोटीस बोर्डावर लागलेल्या विषयपत्रिकेत ‘पावसाळ्यापूर्वी पार्किंग व रॅम्प ॲसिड मारून जेटने धुऊन घेणे’ असा विषय आहे. हे काम मंजूर करू नये, अशी विनंती आहे. डाग काढायलाच हवेत, त्यात दुमत नाही. मृगाच्या पहिल्या सरीला रॅम्पवर स्कूटर घसरते ती याच तेलामुळे. पण ॲसिडने तेल निघत नाही आणि जेटने, म्हणजे जोराच्या दाबाच्या पाण्याने, जे निघतं ते कुठे जातं, याचा विचार प्रस्तावात दिसत नाही.

आधी ॲसिडचं बघू. संडास-बाथरूमसाठी मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते तेलाला हात लावत नाही, सिमेंट खातं. फसफसून फेस येतो तो तेल सुटल्याचा नव्हे, काँक्रीटमधला चुना जळत असल्याचा. वरचा पातळ थर निघतो, त्याबरोबर थोडा काळेपणा जातो आणि फरशी उजळल्यासारखी दिसते. मात्र आतली भोकं उघडी पडतात आणि पुढचं तेल त्यांत आणखी खोल मुरतं. दुसरं नुकसान याहून महाग आहे. या ॲसिडमधून क्लोराइड मागे राहतं. खाऱ्या हवेने इथल्या सळया आधीच गंजतात, त्यात पार्किंगमधल्या खांबांच्या बुडाशी आपण पैसे देऊन क्लोराइड ओतायचं, हे मला तरी कळत नाही. शिवाय ॲसिडवर कोणी ‘अजून स्वच्छ होईल’ म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरीन वायू सुटतो. तीन बाजूंनी बंद असलेल्या आपल्या पार्किंगमध्ये तो खालीच साचून राहील.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचंही तसंच. ते तेल पातळ करतात आणि पातळ झालेलं तेल खाली उतरतं. गेटबाहेरच्या डांबरी पट्ट्यावर तर डांबरच विरघळेल. आगीची भीती वेगळी.

जेट आणि साबणाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा लागेल. साबण तेलाचे बारीक कण करून ते पाण्यात तरंगत ठेवतो, तेल नाहीसं करत नाही. रॅम्पच्या तोंडाशी जाळीचं गटार आहे, तिथून रस्त्याकडेची मोरी, पुढे पऱ्या म्हणजे लहान ओढा, आणि पऱ्या शेवटी खाडीला मिळतो. फेसाबरोबर गेलेलं तेल तवंग बनून वर दिसत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. खाडीतली कालवं आणि तिसऱ्या हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून अन्न मिळवतात. पाण्यातलं तेल त्यांच्या अंगात साठतं आणि तीच आपण बाजारातून आणतो. साबणाचा त्रास माशांच्या कल्ल्यांना होतो तो निराळाच. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट झालेले गोळे, लागले की आपण जहाजांना बोल लावतो, ते ठीकच. पण पऱ्यातलं तेल काही जहाजाने आणून टाकलेलं नसतं.

थेंबांचा हिशेब असा आहे. मिनिटाला एक थेंब गळणारी गाडी रात्री दहा तास उभी राहिली, तर ६०० थेंब, म्हणजे साधारण ३० मिलिलिटर. महिन्याला जवळजवळ एक लिटर. एक लिटर तेल पाण्यावर एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) जाडीने पसरलं तर १००० चौरस मीटर झाकतं, म्हणजे सुमारे दहा गुंठे. आणि आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, खाली सच्छिद्र जांभा. जे गटारात जात नाही ते जांभ्यातून विहिरीकडे झिरपतं. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या भागांतले धातू आणि जळक्या तेलातली घातक द्रव्यं असतात. म्हणूनच घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेलं तेल घातक कचरा म्हणून धरलेलं आहे, आणि ओढ्यात किंवा विहिरीत प्रदूषण करणारा पदार्थ सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने बंदी आहे.

तवंग दिसला की लगेच कोणाच्या गाडीवर बोट दाखवू नये, हेही सांगायला हवं. जांभ्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर लोहाच्या जीवाणूंचा अगदी तसाच रंगीत पापुद्रा येतो. काडीने ढवळून बघावं. पापुद्र्याचे काचेसारखे तुकडे होऊन ते सुटे राहिले, तर तो लोहाचा. फिरून पुन्हा एकजीव झाला, तर तेलाचा.

आता डाग काढायचे कसे. एकच धोरण ठेवावं : तेल कोरडं उचलायचं, पाण्याच्या स्वाधीन करायचं नाही.

ताजं तेल असेल तर लाकडाच्या वखारीतला कोरडा भुसा पुरतो. लिटरभर तेलाला एक घमेलं धरावं. आधी कडेने बांध घालायचा, मग मध्ये टाकायचा, नाहीतर तेल पसरतच जातं. बुटाने चुरून अर्धा तास ठेवावा, झाडून उचलावा आणि मग दुसरा पातळ थर द्यावा. शेवटी मूठभर कोरडं सिमेंट किंवा भाताच्या तुसाची राख ताठ झाडूने घासली की उरलेली चिकटी निघते. सिमेंट टाकल्यावर पाणी लावू नये, तिथेच धरून बसेल.

जुन्या काळ्या डागांना लेप लागतो. वरचा राप पत्र्याच्या पट्टीने खरवडून घ्यावा. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि दोन चमचे भांड्यांचं लिक्विड मिसळावं, आणि त्यात मुलतानी माती श्रीखंडाइतकी घट्ट भिजवावी. एका चौरस फुटाला पाऊण किलोच्या आसपास कोरडी माती लागते. डागाच्या कडेबाहेर दोन इंच जाईल असा आठ मिलिमीटर जाडीचा थर द्यावा, वर प्लॅस्टिक टाकून कडा विटांनी दाबाव्यात आणि २४ तास सोडून द्यावं. त्यानंतर प्लॅस्टिक काढायचं आणि लेपाला भेगा पडेपर्यंत वाळू द्यायचा. बहुतेकांचं काम इथेच फसतं. लेप ओला असतानाच खरवडला तर सुटलेलं तेल परत खाली बसतं. वाळताना ओल वर येते आणि तिच्याबरोबर तेल मातीत येतं, सगळा खेळ तिथे आहे. मे महिन्याच्या दमट हवेत वाळायला आणखी एक-दोन दिवस लागतात, घाई करून उपयोग नाही. जुन्या डागाला दोन-तीन लेप धरून चालावं. झालं की त्या जागी थोडं पाणी टाकून बघायचं : थेंब गोळा होऊन बसला तर तेल अजून आत आहे, पाणी पसरून मुरलं तर काम झालं.

सोड्याने मिनरल ऑइलचा, म्हणजे इंजिन ऑइलसारख्या खनिज तेलाचा, साबण होत नाही, हे ध्यानात असू द्यावं. स्वयंपाकाच्या तेलाचा होतो, म्हणून गॅलरीतल्या खोबरेल तेलाच्या डागावर सोडा झटक्यात चालला, तसा इंजिन ऑइलवर चालेल ही अपेक्षा चुकीची. इथे तो फक्त तेलाची पकड सैल करतो, उचलायचं काम मातीचं. म्हणून कॉस्टिक सोड्यासारखं जहाल काही आणण्यातही अर्थ नाही, मावशींचे हात मात्र भाजतील. साध्या सोड्यालाही रबरी हातमोजे द्यावेत. घासायला काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश घ्यावा. तारेच्या ब्रशचे बारीक तुकडे फरशीत अडकतात आणि खाऱ्या हवेत पंधरा दिवसांत गंजाचे ठिपके उठतात. घासताना जे काळं पाणी निघेल त्याभोवती भुशाचा बांध असावा आणि ते भुशातच जिरवून उचलावं.

पेव्हर ब्लॉकच्या भागात एवढी मेहनत करायची गरज नाही. तेथे सांध्यांतून तेल खालच्या कचीत (दगडाच्या बारीक चुऱ्यात) उतरलेलं असतं, त्यामुळे वरून कितीही घासलं तरी उन्हाने डाग पुन्हा वर येतो. जेट मारला तर सांध्यातली वाळू उडून ब्लॉक खडखडायला लागतात. चार-सहा ब्लॉक उचकटावेत, खालची तेलकट कच दोन-तीन इंच काढून नवी भरावी आणि कुंपणाकडेचे स्वच्छ ब्लॉक इथे लावावेत. तेलकट ब्लॉक भिंतीकडेला शेडखाली जातील. सांध्यात भरायला किनाऱ्याची वाळू आणू नये, ती खारी असते. चढावाच्या कडेच्या जांभ्याच्या चिऱ्यांना मुलतानी लावू नये. चिऱ्याच्या भोकांत माती अडकून कायमचे पांढरे चट्टे राहतात. तिथे रद्दी वर्तमानपत्राचा लगदा त्याच सोड्याच्या पाण्यात भिजवून थापावा. चिरा आतपर्यंत काळा झाला असेल तर सरळ बदलावा.

डाग पुन्हा पडू नयेत म्हणून दोन गोष्टी. पहिली : संशय असेल त्या गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवायला सांगावं. काळं-तपकिरी आलं तर इंजिन ऑइल, बहुतेक वेळा ड्रेन प्लगचा वायसर किंवा हेड कव्हरचं पॅकिंग. लालसर असेल तर गिअरकडचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. फिकट पिवळं, चाकाच्या आतल्या बाजूला, तर ब्रेक ऑइल; ती गाडी हलवूच नये. हिरवं किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. ते तेल नाही, पण चवीला गोड आणि मांजरा-कुत्र्यांना विषारी, तेव्हा ते आधी पुसावं. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर तो एसी आहे, त्यावरून सभासदांत वाद होऊ देऊ नयेत.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली खास. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीला खालून जळकं ऑइल फवारून आणायची पद्धत आहे. अशी गाडी दोन-तीन दिवस सगळीकडून टपकते. एका गळक्या सीलपेक्षा पार्किंग यानेच जास्त काळं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात ते तेल रबरी बूश आणि होजही खराब करतं. सुकून घट्ट बसणारं मेणाचं किंवा रबरी अंडरबॉडी कोटिंग मिळतं, सभासदांनी ते करावं. जळकं ऑइल मारलेली गाडी टपकणं थांबेपर्यंत पार्किंगमध्ये घेऊ नये, असा नियम करावा. हाच नियम गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांनाही लागू असावा. निदान पुठ्ठा आणि पसाभर भुसा वॉचमनकडे तयार ठेवावा.

गटाराच्या तोंडाशी एक तेल अडवणारी टाकीही हवी. आतून २ मीटर लांब, १ मीटर रुंद, पाण्याची खोली १ मीटर, म्हणजे २००० लिटर. बाहेर जाणाऱ्या पाइपला आतल्या बाजूने खाली तोंड केलेला बेंड लावून तो पाण्याखाली एक फूट बुडवायचा. तेल वर तरंगतं, पाणी तळाकडून निघून जातं. १०० चौरस मीटर रॅम्पवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५००० लिटर पाणी येतं आणि ते टाकीत चोवीस मिनिटं थांबतं. एवढ्या वेळात सुटं तेल वर येतं. पण गच्चीचे दोन पाइप आज रॅम्पवरच सोडलेले आहेत. ४०० चौरस मीटर गच्चीचं त्याच पावसात तासाला २०,००० लिटर पाणी त्यात मिसळलं, तर टाकी पाच मिनिटंही पाणी धरणार नाही, साठलेलं तेलही ढवळून बाहेर काढेल. तेव्हा आधी ते पाइप वळवावेत, टाकी नंतर. आणि साबणाचं पाणी या टाकीत गेलं तर टाकी निरुपयोगी, कारण साबणाने फोडलेलं तेल वर येतच नाही.

वर आलेलं तेल टिपायला सावरीचा कापूस उत्तम. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो पाणी घेत नाही, तेल मात्र स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट घेतो. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटतात तेव्हा गोळा करून कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरून टाकीत तरंगत सोडावा. नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) हाताशी असतात, पण ती पाणी पितात, एका पावसात जड होऊन बुडतात.

तेलकट भुसा, माती, कापूस ओल्या कचऱ्यात टाकू नये, खताच्या खड्ड्यात नाही आणि बागेत पालापाचोळ्याबरोबर जाळायचा तर अजिबात नाही. झाकणाच्या लोखंडी पिंपात ठेवावा, मीटर रूम आणि जनरेटरपासून लांब. पिंप भरलं की नगर परिषदेकडे घातक कचरा म्हणून वेगळा नोंदवून द्यावा. डब्यात निथळलेलं सुटं तेल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजकडे जाऊ द्यावं. कुंपणाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायला कोणी मागेल, त्याला देऊ नये.

लेपाचं काम मृगाच्या आत उरकायला हवं. ७ जूननंतर काहीच वाळणार नाही आणि मग गणपतीपर्यंत नुसत्या भुशावर भागवावं लागेल. तेव्हा ॲसिडचं कोटेशन बाजूला ठेवून येत्या सभेत मुलतानी, सोडा, भुसा, एक पिंप आणि दोन मजुरांचे चार दिवस एवढं मंजूर व्हावं. गच्चीच्या पाइपांसाठी प्लंबरला याच आठवड्यात बोलवावं. गटारावरची जाळी जड आहे, ती उचलायला दोन माणसं लागतात. वॉचमनला एकट्याला सांगू नये.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सभासद, ब विंग