तारेवरची चिंधी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘त्या वस्तीची पार रया गेली आहे, तिथली माणसंच तशी’ हे तुझं वाक्य मनातून जाईना. तू असं लिहावंस याचं वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेल्या महिन्यात मी तिथल्या एका इमारतीत गेलो होतो. जिन्यात दिवा नाही, भिंतींना ओल, दुसऱ्या मजल्यावरचा कठडा तुटलेला. तो कुणीतरी तारेने बांधला होता, आणि तारेचं टोक मुलांच्या हाताला लागू नये म्हणून त्यावर चिंधी गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. रस्त्यावरून तुटका कठडा दिसतो. चिंधी दिसायला जिना चढावा लागतो.

मालक कठडा का दुरुस्त करत नाही? आजूबाजूच्या चार इमारती पडायला आल्या असतील तर एकट्याच्या डागडुजीने भाडं वाढत नाही, घातलेला पैसा निघत नाही. मग सगळेच हात आखडता घेतात. ज्यांना परवडतं ते आधी निघून जातात, आणि अर्ज घेऊन कचेरीत खेटे घालणारी माणसं बहुतेक त्यांच्यातलीच असतात.

कधी कधी तर वस्तीवर शिक्का आधी बसतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज बुडण्याचा धोका जिथे सर्वांत जास्त मानला, तो भाग लाल. घरांची अवस्था बघितली जायचीच, पण तिथे कृष्णवर्णीय राहतात का, हेही बघितलं जायचं. गृहकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी यंत्रणेचे निकषही त्याच वळणाचे होते. आता विचार कर, छप्पर गळतंय आणि बदलायला कर्ज नाही. घर विकायला काढलं तर घेणाऱ्यालाही कर्ज नाही. या भेदभावावर कायद्याने बंदी आली ती १९६८ साली. तोवर एक अख्खी पिढी गळक्या छपराखाली वाढली होती, आणि लोक म्हणत होते, यांना घरं नीट ठेवता येत नाहीत.

डेट्रॉइटचंही बघ. १९५० साली साडेअठरा लाख लोक, २०२० मध्ये साडेसहा लाखांच्या आत. कारखाने गेले, करदाते गेले. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा रस्त्यांवरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते. त्या अंधाराचा दोष तिथे उरलेल्यांना कसा द्यायचा?

मला सगळ्यात जास्त लागलं ते शिकागोतलं. सॅम्पसन आणि रॉडनबुश या संशोधकांनी रस्त्यांचं चित्रीकरण करून तिथली घाण, पडझड मोजली आणि रहिवाशांनाही विचारलं. २००४ मध्ये त्यांनी मांडलं की वस्तीत गरीब आणि कृष्णवर्णीय जितके जास्त, तितकी ती लोकांना अधिक बकाल वाटते. प्रत्यक्ष घाण तेवढीच असली तरी. आणि असं वाटणाऱ्यांत कृष्णवर्णीय रहिवासीही होते. शिक्का माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांत उतरतो रे! मग तो पत्ता सांगताना शेजारच्या भागाचं नाव सांगतो.

घर तिथे घ्यायचं की नाही, ते तू ठरव. ओल खरी आहे, आणि तुझ्या आईच्या गुडघ्यांना तो जिना झेपणार नाही, हेही खरं. पण रस्त्यावरून बघून नाही म्हणू नकोस. रविवारी सकाळी ये, दोघं वरपर्यंत जाऊ. जमेल का ते कळव.

तुझाच,
जुना सोबती